पुराची शिरोरेघ

छोटा उदेपूरकडच्या एका गावात राठवा आदिवासींच्या घरातला पिठोरा, म्हणजे देवांच्या घोड्यांनी भरलेली भिंत, बघायला आम्ही ऑफिसातले चार-पाच जण गेलो होतो, त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि तिथे ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं की एवढे घोडे काढायला किती दिवस लागले. त्यांनी मला तिथल्या तिथे दुरुस्त केलं. पिठोरा काढत नाहीत, लखतात. म्हणजे लिहितात. आणि जो लिहितो तो लखारा. घरात काहीतरी नवस बोललेला असतो तो फेडायचा असतो, मग गावातल्या कुमारिका ती भिंत पांढऱ्या मातीने सारवतात, तीन-चार लखारे मिळून बसतात, रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात, आणि लिहून झालं की बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, येऊन ती भिंत वाचतो, हा घोडा अमक्या देवाचा, हा तमक्याचा, काही राहिलं असेल तर ते लिहून घ्यायचं. मी भिंतीकडे बघतच राहिले. वाचायची भिंत!

ते डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की पुढे कधीतरी कळलं, ग्राफिटी करणारी पोरं स्वतःला आर्टिस्ट वगैरे म्हणत नाहीत, रायटर म्हणतात, तेव्हा मला जराही नवल वाटलं नाही. बरोबरच आहे की. नावच तर लिहितात.

आम्ही मूळचे बडोद्याच्या दांडिया बाजारातले, पण लग्नानंतर मी तिथल्याच समा भागात राहायला आले. आमच्या सोसायटीच्या मागे एक बंद पडलेलं गोडाऊन आहे, त्याची रस्त्याकडची भिंत चांगली साठेक फूट लांब, फिकट निळा डिस्टेंपर, त्यावर कोचिंग क्लासच्या जाहिराती, कुठल्या तरी जुन्या निवडणुकीचं अर्धं पुसलेलं चिन्ह, आणि 'इथे गाडी लावू नये' हे तीन वेगवेगळ्या अक्षरांत तीन वेळा. २०२१ मध्ये, लॉकडाऊन उठून थोडे महिने झाले होते, मी पहाटे दूध आणायला निघाले तर खडखड, खडखड असा आवाज आला. स्प्रेच्या डब्यात रंग ढवळायला एक गोळी असते ना, तिचा. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, तोंडाला मास्क (तेव्हा सगळ्यांच्याच तोंडाला होता), आणि भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात काळ्या रंगात तीन गुजराती अक्षरं.

मी थांबून बघितलं. तो मनगटाने लिहीत नव्हता, हात खांद्यापासून फिरत होता, डबा भिंतीपासून वीतभर लांब, आणि पाय सुद्धा अक्षराबरोबर सरकत होते, म्हणजे शेवटच्या अक्षराची शेपूट मागे वळवून पहिल्या अक्षराखाली नेताना तो चक्क दोन पावलं मागे गेला. चार-पाच सेकंदात संपलं. मला बघून तो पळायच्याच बेतात होता, पण मी एवढंच विचारलं की हे एका दमात लिहिलंस का. तो म्हणाला, "हो आंटी, हात थांबला की रंग ओघळतो."

माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगते. कारण हेच वाक्य मी लहानपणी ऐकलेलं होतं. माझे आजोबा मोडी लिहायचे. त्यांचे वडील गायकवाडी अंमलात कारकून, घरात एक पत्र्याची ट्रंक भरून मोडी कागद, आणि आजोबा सुट्टीत आम्हा नातवंडांना बसवून गिरवायला लावायचे. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची, शिरोरेघ, आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत जायचं, बोरू होता होईल तो उचलायचा नाही. शब्द कुठे संपला हेही कळत नाही वाचणाऱ्याला, सवयीने कळतं. मी अडखळले की आजोबा म्हणायचे, "थांबू नको, बोरू थांबला की शाई बसते." मोडी १९५० च्या सुमाराला कारभारातून गेली, आमच्या घरातूनही आजोबांबरोबर गेली, माझ्याकडे उरली ती अर्धीमुर्धी बाराखडी आणि ट्रंकेतला एक गठ्ठा. आणि इथे समाच्या गोडाऊनवर एक पोरगा त्याच नियमाने लिहीत होता, त्याला मोडी हा शब्दही माहीत नसताना.

तर अशी आमची ओळख झाली. तो आणि त्याचे दोन-तीन मित्र, क्रू म्हणतात ते त्याला. मी त्यांना मोडी कागदांचे फोटो दाखवले, त्यांनी मला त्यांच्या वह्या दाखवल्या. भिंतीवर जाण्याआधी वहीत पन्नास-पन्नास वेळा एकच अक्षर गिरवलेलं असतं, मला वाटलं होतं हे असंच हवेत हात फिरवून येत असेल, तसं नाहीये ते. त्यांच्यात पायऱ्या आहेत. टॅग म्हणजे नुसती सही, एका रंगात. थ्रो-अप म्हणजे फुगीर अक्षरं, दोन रंग, पटकन. आणि पीस म्हणजे सावकाश, सगळे रंग, आउटलाइन, आत भरणं, वर चकाकी, तासन् तास. डब्याच्या तोंडाला जी टोपी असते, कॅप, ती बदलली की रेघ बदलते, जाड कॅप, बारीक कॅप, अगदी बोरूचं टोक कसं कापायचं तसंच. आणि एक कायदा, कुठे लिहिलेला नाही पण सगळ्यांना पाठ. दुसऱ्याच्या कामावरून जायचं असेल तर तुझं काम त्याच्यापेक्षा मोठं आणि चांगलं पाहिजे. टॅगवर थ्रो-अप चालेल, थ्रो-अपवर पीस चालेल. कुणाच्या पीसवर नुसती सही मारून गेलास तर ते भांडण.

मग मी वाचत सुटले. न्यूयॉर्कमध्ये एक मुलगा, पार्सलं पोचवायचं काम करणारा, जाईल तिथे 'टाकी १८३' असं लिहून ठेवायचा, टाकी हे त्याचं घरातलं नाव आणि १८३ हा त्याच्या रस्त्याचा नंबर, आणि १९७१ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी छापली तेव्हा शहरभर पोरं आपापलं नाव आणि आपापल्या गल्लीचा नंबर लिहायला लागली. त्याच्याही आधी, १९६७ च्या सुमाराला फिलाडेल्फियात कॉर्नब्रेड नावाने एक जण लिहीत होता. नाव आणि पत्ता. एवढंच. मला त्यात आपल्याकडे दगडावर, किल्ल्यावर बदाम काढून नावं कोरतात तसलं काही वाटत नाही, ते मला आजही आवडत नाही, स्पष्ट सांगते, जुन्या दगडावर कुणी चरा ओढला तर माझं डोकं फिरतं. आमच्या या पोरांनाही ते माहीत आहे, मंदिर, मशीद, जुनी इमारत, झाड, कुणाचं राहतं घर, यांना ते हात लावत नाहीत. पण पडकं गोडाऊन, रेल्वेच्या कडेची भिंत, जिच्याकडे कुणी बघतच नाही, तिच्यावर नाव लिहिणं म्हणजे मला वाटतं मी इथे राहतो आणि मी इथून रोज जातो हे सांगणं, आणि ज्याचं शहरात कशावरच नाव नाही, ना बंगल्याच्या पाटीवर ना दुकानाच्या, त्याने ते सांगावं यात मला गैर दिसत नाही.

बडोद्याला भिंतींचं काही नवीन नाही म्हणा. रावपुऱ्याजवळ तांबेकर वाडा आहे, भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते त्यांचा, आत गेलात तर भिंतीभर चित्रं, कृष्ण, महाभारत, मराठे आणि इंग्रजांच्या लढाया, मध्येच गोऱ्या मडमा. आणि इतक्या चित्रांवर एका चितार्‍याचं नाव कळत नाही. लहानपणी शाळेतून नेलं होतं तेव्हा मी विचारलं होतं कुणी काढली, तर बाई म्हणाल्या भाऊ तांबेकरांनी. कीर्तिमंदिरात चित्रकार नंदलाल बोस १९३९ पासून पुढे सहा-सात वर्षं येऊन जाऊन काम करत होते, गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा, महाभारत, आणि बरोबर शांतिनिकेतनचे विद्यार्थी, म्हणजे ती पण अनेक हातांची भिंत. १९५० साली विद्यापीठाचं फाइन आर्ट्स, म्हणजे चित्रकलेचं कॉलेज, सुरू झालं. त्यामुळे इथे रिक्षावाल्यालासुद्धा चित्र काढणारी, केस वाढवलेली पोरं बघायची सवय आहे, आमच्या क्रूला पोलिसांनी कधी पकडलं नाही त्याचं एक कारण हे असेल.

हल्ली शहरात सरकारी खर्चाने रंगवलेल्या भिंती पण खूप झाल्यात. वाईट नाहीत, आधी जिथे लोक थुंकायचे तिथे आता थुंकत नाहीत, हे मोठंच काम आहे. पण सगळीकडे तेच झाड, त्याच दोन ओंजळी, तोच पृथ्वीचा गोळा, आणि खाली एकाच फॉण्टमधली घोषणा, आणि जवळ जाऊन बघितलं तर कुठे कुणाचा हात दिसत नाही. तिथे राहणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं की तुला रोज सकाळी काय बघायला आवडेल. फिलाडेल्फियात यावर मला फार आवडलेला एक उपाय आहे. तिथे १९८४ मध्ये ग्राफिटी थांबवायची म्हणून एक योजना निघाली आणि तिच्यातून उलट शहरभर भित्तिचित्रंच उभी राहिली, लिहिणाऱ्या पोरांनाच बरोबर घेऊन. त्यात ते चित्र पॅराशूटच्या पातळ कापडावर आखतात, रकान्यांना नंबर देतात, आणि मग ते कापडाचे तुकडे शाळेत, वृद्धाश्रमात, तुरुंगात, कुठेही टेबलावर पसरून लोक रंगवतात, ज्याला शिडी चढता येत नाही तोही रंगवतो, आणि शेवटी ते भिंतीला चिकटवतात. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे तिसरी पायरी चढता येत नाही. ते वाचलं तेव्हा मला त्याच आठवल्या, आमच्या अंगणात एकेकाळी पाच-पाच फुटांची रांगोळी काढायच्या.

आपल्या लिपीतही आता लोक भिंतीवर लिहितात, दिल्लीचा डाकू नावाने लिहिणारा रायटर तर देवनागरीत लिहितो. त्याचं लोधी कॉलनीतलं काम मी भाचीकडे गेले होते तेव्हा मुद्दाम जाऊन बघितलं, भिंतीतून अक्षरं बाहेर आलेली, काटकोनात, आणि ऊन पडलं की त्यांच्या सावल्या भिंतीवर पडून शब्द होतात, सूर्य सरकेल तसे शब्द तिरपे होत होत जातात. मी तिथे दीड तास उभी होते. भाची कंटाळून चहा पिऊन आली.

बरं, आता मूळ गोष्टीकडे येते. २०२४ चा ऑगस्ट. आमच्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट, ती ३५ च्या पुढे गेली, आणि आमच्या समात पाणी घुसलं ते तीन दिवस हललं नाही. मगरी रस्त्यावर, ते सगळं तुम्ही व्हिडिओत बघितलंच असेल. पाणी उतरल्यावर जो चिखल आणि जो वास होता त्याबद्दल मी लिहीत नाही, ज्यांनी काढला त्यांना माहीत आहे. ट्रंक खालच्या खोलीत होती. अर्ध्याहून जास्त मोडी कागद लगदा झाले.

गोडाऊनच्या भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती. माझ्या छातीच्या उंचीवर, साठ फूट, एकदम सरळ, वर निळा डिस्टेंपर आणि खाली मातकट. पाण्याने मारलेली रेघ सुताने मारलेल्या रेघेपेक्षा सरळ असते. मी आणि क्रूमधला एक, हा मराठी, बडोद्याच्या वाडी भागातला, चिखलाचे बूट घालून तिच्यासमोर उभे होतो आणि तो म्हणाला, "काकू, ही शिरोरेघ आहे."

मला काही सुचलंच नाही. मग मी म्हटलं, आहे खरी.

दिवाळीच्या आधीचे दोन रविवार ठरले. गोडाऊनच्या मालकाला फोन केला, तो म्हणाला करा काय करायचं ते, नाहीतरी खराबच झालीये. पैसे सोसायटीतून गोळा केले, दहा-वीस रुपयांपासून लोकांनी दिले, सगळ्यांच्याच घरी नुकसान होतं. मी कागदावर मोडीत एक एक अक्षर मोठं लिहून द्यायचं, पोरं त्याचा फोटो काढून भिंतीवर चौकटी आखून वाढवायची, आणि रेघेखाली टांगत न्यायची. काय लिहायचं यावर खूप चर्चा झाली. शेवटी ठरलं की पुरात कुणाच्या घरातून काय गेलं ते प्रत्येकाने एका शब्दात सांगायचं आणि तेच लिहायचं. सिलाई मशीन. लग्नाचा अल्बम. गहू. एका मुलीने सांगितलं दहावीची मार्कशीट. वरच्या मजल्यावरचे शाहकाका म्हणाले आमचं काही गेलं नाही, आमचं काय लिहाल, मग त्यांनीच विचार करून सांगितलं, झोप. मराठी असेल ते मोडीत, गुजराती असेल ते गुजरातीत. आणि इथे खरी गंमत आली. गुजरातीला शिरोरेघच नाही ना, व्यापाऱ्यांची लिपी ती, पूर्वी वाणियाशाईच म्हणायचे, हिशेब पटापट लिहायला रेघ कुठे मारत बसणार, म्हणून पोरांनी गुजराती अक्षरं रेघेच्या वर लिहिली, रेघेवर पाय टेकून उभी असल्यासारखी, आणि मोडी खाली लोंबकळत. एकच रेघ, वरच्यांची जमीन आणि खालच्यांचं छत.

सासूबाई खुर्ची टाकून बसल्या आणि खालच्या दोन फुटांत ठिपके दिले, अठरा ठिपके अठरा ओळी, हाताला आठवत होतं त्यांच्या. पोरांनी ते स्प्रेने जोडले. दुपारी सगळ्यांना सेव-उसळ, रस्त्यातच पंगत.

माझ्या हातून एक चूक झाली ती लिहिते, कारण तिच्याशिवाय ही भिंत पूर्ण होत नाही. पहिल्या रविवारी सकाळी सगळे यायच्या आधी मी उत्साहाने रोलर घेऊन डावा कोपरा प्रायमरने पांढरा करून टाकला, तिथे चिखल जास्त होता. आणि चिखलाखाली तो पहिला टॅग होता. तीन गुजराती अक्षरं. ज्याचा होता तो मुलगा त्याच वर्षी जानेवारीत कॅनडाला गेला होता. पोरं आली, बघितलं, कुणी काही बोललं नाही, एकाने नुसता रोलर माझ्या हातातून घेऊन खाली ठेवला. मला कायदा माहीत होता, तीन वर्षांपूर्वी त्यांनीच शिकवला होता, आणि त्याच्यावर मी ना थ्रो-अप मारला ना पीस, नुसता पांढरा. मी म्हटलं तुमच्यापैकी कुणीतरी तसाच परत लिहा, तुम्हाला तर त्याचं अक्षर पाठ आहे. तर ते एकदम म्हणाले नाही. ज्याचं अक्षर त्याचंच, दुसऱ्याने लिहिलं तर ती खोटी सही होते. मग काय करायचं? काहीच करायचं नाही. तो चौकोन तसाच पांढरा ठेवला, अख्ख्या भिंतीवर रंग आणि तेवढा हातभर तुकडा कोरा, आणि सगळ्यांची अक्षरं त्याला वळसा घालून गेली. मी त्या मुलाला मेसेज केला, माफी मागितली, फोटो पाठवला. त्याने लिहिलं, आंटी बघितलं, रेघ मस्त आलीये. टॅगबद्दल काही लिहिलं नाही. मीही परत विचारलं नाही.

या वर्षी पावसाळ्यात भिंतीने ओल धरली. पूर येऊन गेलेल्या भिंती पुढच्या पावसात फुगतात, मिस्त्रीने सांगितलंच होतं. ऑगस्टमध्ये पोपडे सुटायला लागले, गहू गेला, अल्बमचं अर्धं गेलं, आणि एका सकाळी त्या कोऱ्या चौकोनाचा मोठा तुकडा खाली पडलेला दिसला. मी उचलला. तळहाताएवढा. कडेकडून उन्हात धरून बघितला तर थर दिसत होते, वर पांढरा, त्याच्याखाली मातीची एक बारीक तपकिरी रेघ, त्याच्याखाली काळा, केसाइतका, आणि मग निळा डिस्टेंपर, आणि निळ्याच्याही खाली एक गुलाबी, जो मी कधी बघितलेलाच नाही, मी इथे राहायला यायच्या आधीचा कुणाचा तरी. पोपडा आता ट्रंकेत आहे, जे मोडी कागद वाचले त्यांच्या वर, रद्दीत गुंडाळून.

मालकाने गेल्या आठवड्यात भिंत खरवडून नवीन प्लास्टर केलं. पोरं येऊन बघून गेली, फाइन आर्ट्सच्या दोन मुली पण येणार म्हणतात या वेळी. मिस्त्री बजावून गेलाय की अजून पंधरा-वीस दिवस पाणी मारायचं आहे, चांगलं सुकेपर्यंत रंगाचं नाव काढू नका. आज पहाटे दूध आणायला गेले तर डाव्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर, सिमेंट ओलं होतं तेव्हाच कुणीतरी बोटाने नाव लिहून ठेवलंय. अक्षर लहान मुलाचं आहे, आणि दुसरं अक्षर उलटं पडलंय.